आधी परजीवी, मग लस: तळ्यातील माशांच्या प्रतिकारशक्तीचे नियोजन कसे करावे

मत्स्यशेतीत लस हा शब्द आता वरचेवर कानावर पडू लागला आहे. व्हिएतनाममध्ये पंगस माशाला आणि ब्राझील, इंडोनेशिया या देशांत तिलापियाला जिवाणूजन्य रोगांच्या लसी टोचल्या जातात. आपल्याकडेही मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था या विषयावर काम करीत आहेत. ज्याच्या तळ्यात एका हंगामात निम्मे मासे लाल चट्टे येऊन मेले आहेत, त्याला लसीची ओढ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही ज्यांना आपल्या शेततळ्यात, तलावात किंवा पिंजऱ्यात लसीकरण करायचे आहे, किंवा एखाद्या संस्थेच्या चाचणीत सहभागी व्हायचे आहे, त्यांना मी पहिल्यांदा लसीच्या बाटलीकडे नव्हे, तर माशाच्या अंगावरच्या उवांकडे पाहायला सांगेन. परजीवींनी पोखरलेल्या माशाला दिलेली लस बऱ्याच अंशी वाया जाते. असे का होते आणि ते टाळण्यासाठी कोणत्या क्रमाने काम करावे, हे पुढे सविस्तर मांडले आहे. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया आणि पंगस हे मासे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

परजीवींच्या बाबतीत लसीची मर्यादा

लसीने काय साधते आणि काय साधत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण नॉर्वेतील सामन माशांच्या शेतीचे आहे. १९८७ मध्ये तेथील मत्स्यशेतीत जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली गेली होती. व्हिब्रिओसिस आणि फुरुन्क्युलोसिस या जिवाणूजन्य रोगांवर चांगल्या लसी आल्यानंतर, उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही, १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा वापर सुमारे एका टनापर्यंत खाली आला. त्याच नॉर्वेला समुद्री उवांनी मात्र अजून जेरीस आणले आहे. औषधे, कोमट पाण्याचे स्नान, उवा टिपून खाणारे मासे, इतकेच नव्हे तर लेझर किरणेही तेथे वापरली जातात. एवढी साधने आणि एवढा पैसा हाताशी असूनही उवांचा प्रश्न तेथे लसीने सुटलेला नाही, यावरून परजीवींचे प्रकरण किती निराळे आहे हे कळावे.

याची कारणे परजीवीच्या रचनेतच आहेत. जिवाणू ही एक पेशी असते आणि ती प्रयोगशाळेत हव्या तितक्या प्रमाणात वाढवून, मारून लसीत घालता येते. अर्ग्युलस, म्हणजे आपल्या तळ्यांतली माशाची ऊ, हा खेकडा-कोळंबीच्या कुळातला पूर्ण वाढलेला प्राणी आहे. त्याच्या प्रत्येक अवस्थेत प्रथिने बदलतात, तो माशाच्या शरीराबाहेर राहतो आणि तेथूनच रक्त व ऊतकद्रव शोषतो. शिवाय त्याला वाढवायचे तर जिवंत मासेच लागतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय जीवही माशाशिवाय मोठ्या प्रमाणावर वाढवता येत नाही. परजीवींविरुद्धच्या लसींवरचे बहुतेक काम म्हणूनच अजून प्रयोगशाळांत आणि मर्यादित चाचण्यांत चालू आहे. एखाद्या विक्रेत्याने उवांची लस म्हणून बाटली पुढे केली, तर तिच्यावरील परवाना क्रमांक, उत्पादक, माशाची जात आणि रोगाचे नेमके नाव तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध’ आणि ‘लस’ यांतला फरक दुकानात फार सहज पुसला जातो.

माशाचे शरीर कसे लढते

मासा आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने लढतो, आणि लसीकरणाचे वेळापत्रक आखणाऱ्याला ही पद्धत ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. त्याला अस्थिमज्जेतून रक्त बनवण्याची सोय नाही आणि लसीका गाठीही नाहीत. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग, प्लीहा आणि थायमस यांच्यावर सोपवलेले असते. माशाचा पहिला आणि सर्वांत मोठा बचाव म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. या थरात लायसोझाइमसारखी जिवाणूंची भिंत फोडणारी विकरे, पूरक प्रथिने, जंतूंना मारणारी लहान प्रथिने आणि प्रतिपिंडे (जंतू ओळखून त्यांना पकडणारी प्रथिने, म्हणजे अँटीबॉडी) असतात. थर सतत झडतो आणि नव्याने बनतो, त्यामुळे त्याला चिकटलेले जंतूही वाहून जातात. जाळ्यात घासून, कोरड्या हातांनी धरून किंवा टोपलीत कोंबून हा थर खरवडला, की माशाची तटबंदी आपणच पाडलेली असते.

दुसरी फळी विशिष्ट प्रतिकाराची, म्हणजे प्रतिपिंडांची. माशाच्या रक्तात मुख्यतः आयजीएम प्रकारचे प्रतिपिंड असते. २००५ मध्ये रेनबो ट्राउट माशात आयजीटी आणि झेब्राफिशमध्ये आयजीझेड या नावाने एका नव्या प्रतिपिंडवर्गाचा शोध लागला. हे प्रतिपिंड कशासाठी असते, याचे उत्तर २०१० मध्ये एका परजीवीमुळेच मिळाले. उत्तर अमेरिकेतील नद्यांमध्ये ट्राउटच्या आतड्यात राहणाऱ्या सेराटोमिक्सा शास्ता या परजीवीची लागण होऊन वाचलेल्या माशांच्या आतड्यातील श्लेष्म्यात, म्हणजे बुळबुळीत थरात, या परजीवीविरुद्ध आयजीटी आढळले, तर रक्तात आयजीएम. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. रक्तातली प्रतिपिंडे बुळबुळीत थरात सहजासहजी उतरत नाहीत; तेथे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींची स्वतंत्र व्यवस्था असते. पोटात टोचलेली लस रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार करील, पण कल्ल्यांवर किंवा कातडीवर बसणाऱ्या शत्रूपर्यंत ती पुरेशा प्रमाणात पोहोचतीलच असे नाही.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने या बाबतीत पुष्कळ शिकवले आहे. या परजीवीची पोहणारी अवस्था कातडीत शिरून आठवडाभरात वाढते, बाहेर पडते, तळाशी एखाद्या वस्तूला चिकटते आणि तिच्यातून शेकडो नवी पिल्ले निघतात. ती एक-दोन दिवसांत नव्या माशाला चिकटली नाहीत तर मरतात. या रोगातून वाचलेला मासा पुढे अनेक महिने त्याला दाद देत नाही. त्याच्या कातडीतील प्रतिपिंडे परजीवीच्या केसाळ पृष्ठभागावरील एका ठरावीक प्रथिनाला पकडतात, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की त्यामुळे परजीवी तेथेच मरत नाही, तर अर्धवट वाढीतच मासा सोडून निघून जातो. परजीवीची जिवंत पिल्ले माशाच्या पोटात टोचूनही असे संरक्षण मिळते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणजे माशाला परजीवीविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण करता येते, यात शंका नाही. अडचण आहे ती लसीचा कच्चा माल मिळवण्याची आणि परजीवीच्या वेगवेगळ्या वाणांची प्रथिने वेगवेगळी असण्याची.

अर्ग्युलसच्या बाबतीत माशाचे नशीब इतके चांगले नाही. ही ऊ आपल्या सुईसारख्या अवयवाने कातडीत विषारी द्रव सोडते, तेथे रक्तस्राव व सूज येते, आणि मासा अस्वस्थ होऊन बांधाला, दगडाला अंग घासतो. या सततच्या तणावामुळे त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि कॉर्टिसॉल वाढले की पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. जखमांमधून एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू आत शिरतो. उवांनी सुरू झालेली मर बहुतेक वेळा या जिवाणूच्या हातून पूर्ण होते. पाण्यावर तरंगणारे लाल चट्ट्यांचे मासे पाहून शेतकरी जिवाणूची लस मागतो, तेव्हा मूळ दरवाजा उवांनी उघडलेला असतो.

याच ठिकाणी लसीकरणाचा प्रश्न परजीवीशी जोडला जातो. नाइल तिलापियावर झालेल्या प्रयोगांत स्ट्रेप्टोकोकस इनिए या जिवाणूची लस निरोगी माशांना आणि ट्रायकोडिना व गायरोडॅक्टिलस हे परजीवी असलेल्या माशांना दिली गेली. परजीवी असलेल्या माशांत प्रतिपिंडे कमी तयार झाली आणि पुढे त्या जिवाणूची लागण करवल्यावर त्यांतले जास्त मासे मेले. मासे त्याच जातीचे आणि लसही तीच होती. फरक होता तो अंगावरच्या पाहुण्यांचा.

वेळापत्रक तापमानावरून ठरवा

माशाचे रक्त पाण्याच्या तापमानानुसार थंड-गरम होते आणि त्याची प्रतिकारशक्तीही त्याच गतीने चालते. आपल्या शरीरात एक-दोन आठवड्यांत तयार होणारी प्रतिपिंडे माशात पुरेशी होण्यास तीन ते सहा आठवडे लागू शकतात, आणि पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उष्ण पाण्यातल्या आपल्या माशांत ही गती आणखी मंदावते. सामन माशांच्या लसींवर यासाठी ‘अंश-दिवस’ हे माप वापरले जाते: पाण्याचे सरासरी तापमान गुणिले दिवसांची संख्या. साधारण ३०० ते ५०० अंश-दिवस उलटल्यावर संरक्षण मिळते असे तेथे धरतात. २८ अंशांच्या पाण्यात १४ दिवसांत ३९२ अंश-दिवस होतात, तर डिसेंबरातल्या २० अंशांच्या पाण्यात तितक्याच अंश-दिवसांसाठी २० दिवस लागतात. उष्ण पाण्यातल्या माशांसाठी हे माप केवळ अंदाजाचे आहे आणि लसीच्या लेबलवर वेगळी मुदत असेल तर तीच पाळावी. तरीही एक गोष्ट या हिशेबावरून स्वच्छ दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडणाऱ्याने लसीकरण ऑक्टोबरअखेर, थंडी पडण्यापूर्वी, उरकणे हिताचे आहे. पांढरे ठिपके आणि कल्ल्यांचे परजीवी आपल्याकडे मुख्यतः हिवाळ्यात डोके वर काढतात, आणि नेमक्या त्याच वेळी माशाचा विशिष्ट प्रतिकार संथ झालेला असतो.

लसीकरणाची तारीख पक्की करून तिथून किमान पाच आठवडे मागे मोजावेत. पहिला आठवडा तपासणीचा, पुढचे दोन ते तीन उपचारांचे, आणि शेवटचे दहा ते चौदा दिवस माशांच्या विश्रांतीचे.

तपासणी

तळ्याच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून किमान दहा मासे काढावेत. केवळ मलूल दिसणारे मासे घेऊ नयेत आणि केवळ सहज सापडणारेही घेऊ नयेत, कारण दोन्ही बाबतींत अंदाज चुकतो. मासा जिवंत किंवा नुकताच मारलेला असावा. मेलेल्या माशावरून उवा आणि ट्रायकोडिना तासाभरात निघून जातात, आणि दुपारी मेलेला मासा संध्याकाळी प्रयोगशाळेत नेल्यास परजीवी नाहीत असा खोटा अहवाल मिळतो. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यामुळे अनेक तळ्यांवर रोगाचे निदानच चुकते.

अर्ग्युलस उघड्या डोळ्यांनी दिसतो. तो चपटा, गोलसर, पाच ते दहा मिलिमीटरचा असून बहुधा परांच्या मुळाशी व डोक्याजवळ बसलेला असतो, आणि त्याच्या पोटाकडील दोन चूषके डोळ्यांसारखी भासतात. प्रत्येक माशावरील उवा मोजून वहीत लिहाव्यात. मग छातीच्या पराच्या मागून काचपट्टीच्या कडेने हलकेच थोडा बुळबुळीत पदार्थ खरवडावा, तो दुसऱ्या काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात पसरवून वर आवरणकाच ठेवावी आणि ४० ते १०० पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने परजीवी मरतात व ओळखू येत नाहीत. बशीसारखा गरगर फिरणारा ट्रायकोडिना एकदा पाहिला की विसरत नाही. मोठा, काळसर, संथ लोळणारा आणि आत घोड्याच्या नालेसारखे केंद्रक असलेला जीव म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. कल्ल्याचा छोटा तुकडा कात्रीने कापून त्याचीही अशीच तपासणी करावी. तेथे चार काळे ठिपके असलेली, आकड्यांनी चिकटलेली अळी दिसली तर ती डॅक्टिलोगायरस, आणि ठिपके नसून पोटात पिल्लू दिसले तर गायरोडॅक्टिलस. सूक्ष्मदर्शक नसल्यास जवळच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडे किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे आधी विचारणा करून प्राणवायू भरलेल्या पिशवीत जिवंत मासे न्यावेत. मोठी मर झाल्यास केंद्र सरकारच्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवर माहिती द्यावी. हे ॲप २०२३ मध्ये याच कामासाठी सुरू झाले आहे.

माझा स्वतःचा दंडक असा आहे की प्रति मासा सरासरी एकापेक्षा जास्त ऊ आढळली, किंवा दहांपैकी तिघांच्या खरवडीत सूक्ष्म परजीवी दिसले, तर लसीकरण पुढे ढकलावे. हा शास्त्रीय उंबरठा नव्हे, सावधगिरीचा नियम आहे, आणि तो थोडा कडक असला तरी चालेल असे मला वाटते.

परजीवींचा भार उतरवणे

उवांच्या बाबतीत माशावरची ऊ मारणे हे अर्धेच काम आहे. मादी मासा सोडून तळ्यातल्या कठीण पृष्ठभागावर, म्हणजे दगड, बांबू, पाइप, सिमेंटची भिंत, प्लॅस्टिक अस्तर यांवर, ओळीने अंडी चिकटवते. उन्हाळी तापमानात ती साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि कोणत्याही औषधाला ती सहसा दाद देत नाहीत. मादीची ही सवयच तिच्याविरुद्ध वापरता येते. तळ्यात ठिकठिकाणी बांबूचे तुकडे किंवा फळ्या उभ्या सोडाव्यात, दर सहा-सात दिवसांनी त्या बाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि पुन्हा सोडाव्यात. तीन-चार फेऱ्यांत उवांची नवी पिढी बरीच रोडावते. अस्तर घातलेल्या शेततळ्यात अंडी घालण्यासाठी सगळीकडेच जागा असल्याने हा उपाय थोडा कमी पडतो. तेथे पाण्याची पातळी अर्धा मीटर खाली आणून उघड्या पडलेल्या कडा दोन दिवस वाळू देणे अधिक उपयोगी ठरते.

औषध वापरायचेच असेल तर ते मत्स्यरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, मत्स्यशेतीसाठी परवाना असलेले आणि तळ्यातील पाण्याचे घनफळ मोजूनच वापरावे. शेतातल्या फवारणीचे कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओतण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि तिचा मला मनापासून विरोध आहे. त्याने उवांबरोबर माशांचे नैसर्गिक खाद्य असलेले प्राणिप्लवंग मरतात, वाचलेल्या उवा औषधाला निर्ढावतात आणि माशाच्या मांसात अवशेष राहतात. औषधानंतर दोन ते तीन आठवड्यांनी, म्हणजे अंडी फुटून गेल्यावर, पुन्हा मोजणी करावी; औषधाच्या दुसऱ्या दिवशी केलेली मोजणी फसवी असते.

ट्रायकोडिना आणि कल्ल्यांवरील अळ्यांसाठी, विशेषतः बोटुकली बाहेरून आणताना, मिठाचे स्नान हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. लिटरला ३० ग्रॅम जाडे मीठ पूर्ण विरघळवून त्यात मासे जास्तीत जास्त पाच मिनिटे ठेवावेत, सतत हवा द्यावी आणि मासे आडवे होऊ लागताच, वेळ पूर्ण झाली नसली तरी, बाहेर काढावेत. आधी दहा माशांवर करून पाहावे. ट्रायकोडिना वाढला आहे याचा बहुतेक वेळा अर्थ पाण्यात सेंद्रिय घाण आणि गर्दी वाढली आहे असाच असतो. म्हणून तळाचा गाळ, उरलेले खाद्य आणि माशांची संख्या यांकडे न पाहता केवळ मिठावर विसंबून चालणार नाही.

विश्रांतीचे दिवस

उपचारांनंतरचे दहा ते चौदा दिवस माशांना कशाचाही त्रास होऊ देऊ नये. ओढजाळे टाकू नये, विरळणी करू नये आणि पहाटेचा विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. प्रतिपिंडे ही प्रथिनेच असल्याने खाद्यात प्रथिनांची तूट नसावी. नुसत्या भाताच्या कोंड्यावर आणि पेंडीवर वाढलेल्या माशाकडून लसीला जोरदार प्रतिसादाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. खाद्यातील जीवनसत्त्व ‘क’ आणि यीस्टच्या पेशीभित्तीतून मिळणारे बीटा-ग्लुकान यांचा प्रतिकारशक्तीला उपयोग होतो हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. बीटा-ग्लुकान लसीकरणापूर्वी दोन-तीन आठवडे द्यावे आणि थांबवावे. ते वर्षभर सतत दिल्याने फायदा वाढत जातो असे नाही.

लसीकरणाचा दिवस

लस तीन मार्गांनी दिली जाते. तोंडावाटे, म्हणजे खाद्यातून, देणे सर्वांत सोपे पण सर्वांत दुबळे, कारण प्रतिजन, म्हणजे लसीतला जंतूचा ओळखू येणारा अंश, पचनात नष्ट होतो. (रोहू-कटल्याला खरे जठर नसते, त्यामुळे आम्लाचा प्रश्न नाही, पण आतड्यातील विकरे आपले काम करतातच.) बुडवून देण्याची पद्धत एक-दोन ग्रॅमच्या पुढच्या बोटुकल्यांसाठी योग्य आहे. अशा लसींच्या लेबलवर बहुधा एक लिटर लस नऊ लिटर पाण्यात मिसळून त्यात जाळीतले मासे ३० सेकंद बुडवावेत, आणि एवढ्या मिश्रणात एकूण १०० किलो मासे हाताळावेत, असे दिलेले असते. बुडवताना प्रतिजन कल्ले आणि कातडीतून शिरतो. लागलेले परजीवी आणि जाड झालेली श्लेष्मल त्वचा येथे थेट आड येतात, हे लक्षात घेतले की आधीची पाच आठवड्यांची मेहनत कशासाठी होती ते उमजते. अगदी कोवळ्या पिल्लांना लस देण्याची घाई करू नये. त्यांची विशिष्ट प्रतिकारयंत्रणा परिपक्व झालेली नसते आणि अकाली मिळालेल्या प्रतिजनाला शरीर शत्रू न मानता सामावून घेण्याचा धोका असतो.

टोचण्याची पद्धत सर्वांत परिणामकारक आहे, पण ती साधारण १५ ते २० ग्रॅमच्या वरच्या माशांनाच करता येते. माशांना आदल्या दिवसापासून खाद्य देऊ नये, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि सुई त्यांत घुसण्याचा धोका कमी होतो. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे. लस २ ते ८ अंशांत साठवलेली असावी, कधीही गोठलेली नसावी, आणि तेलयुक्त असल्यास वापरण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला आणून हलकेच हलवून घ्यावी. भुलीसाठी लवंग तेलातील युजेनॉल किंवा लेबलवर सुचवलेले द्रव्य वापरावे. त्याची मात्रा पाच-सहा माशांवर तपासून, मासा दोन-तीन मिनिटांत स्थिर होईल आणि स्वच्छ पाण्यात पाच मिनिटांत सावरेल अशी ठरवावी. सुई पोटाच्या मध्यरेषेवर, पोटाच्या परांच्या थोडी पुढे, पोटाची भिंत जेमतेम पार करील इतकीच खुपसावी. लसीची मात्रा बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिलिटर असते. प्रत्यक्ष कामापूर्वी काही मेलेल्या माशांत रंगीत पाणी टोचून, पोट उघडून, रंग पोकळीत पडला की स्नायूत वा आतड्यात गेला हे पाहावे. ही अर्ध्या तासाची तालीम टोचणाऱ्या हाताला पुढच्या हजारो माशांसाठी शिकवून ठेवते. हात ओले असावेत, मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून अधिक नसावा आणि सुई बोथट होताच बदलावी.

तेलयुक्त लस चुकून माणसाच्या बोटात टोचली गेली तर ती किरकोळ जखम समजू नये. थेंबभर लसीनेही तीव्र सूज येऊन बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. लसीचे माहितीपत्रक सोबत घेऊन ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

टोचल्यानंतर एक-दोन दिवस मासे कमी खातात. तेलयुक्त लसीने पोटातील अवयव काही प्रमाणात एकमेकांना चिकटतात आणि वाढ थोडा काळ मंदावू शकते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एकतृतीयांश खाद्यापासून सुरुवात करावी. ठरलेले अंश-दिवस पूर्ण होईपर्यंत माशांना असुरक्षितच समजावे, बाहेरचे मासे किंवा न सुकवलेली जाळी तळ्यात येऊ देऊ नयेत, आणि बांबूच्या फळ्यांची फेरी चालूच ठेवावी.

लस लागू पडली का, हे कसे ठरवावे

त्यासाठी लस न दिलेले काही मासे राखून ठेवणे अपरिहार्य आहे. शंभर-दोनशे मासे त्याच दिवशी, तशीच भूल देऊन, लसीऐवजी निर्जंतुक मिठाचे पाणी टोचून, पोटाचा एक पर कापून खूण करून त्याच तळ्यात सोडावेत, किंवा त्याच तळ्यातल्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात, ठेवावेत. रोगाची साथ आल्यावर दोन्ही गटांतील मर वेगवेगळी मोजावी. लस दिलेल्यांतील मरीच्या टक्केवारीला लस न दिलेल्यांतील मरीच्या टक्केवारीने भागून ते उत्तर एकातून वजा करावे आणि शंभराने गुणावे. याला सापेक्ष जगणूक टक्केवारी म्हणतात. लस न दिलेले ४० टक्के आणि लस दिलेले १० टक्के मेले असतील, तर ती ७५ येते. एकाच तळ्यात दोन्ही गट असल्यास लस दिलेल्या बहुसंख्य माशांमुळे रोगाचा फैलाव आटोक्यात राहतो आणि न दिलेल्यांनाही आडोसा मिळतो, म्हणून हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा कमीच येतो.

मर चालू असताना दोन्ही गटांतील दम तोडणारे किमान पाच-पाच मासे मरण्यापूर्वी काढून त्यांच्या अंगावरील उवा आणि खरवडीतील परजीवी पुन्हा मोजावेत, आणि त्याच माशांच्या मूत्रपिंडाचा नमुना जिवाणू वाढवून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत द्यावा. दोन्ही गटांत मर सारखीच असून दोहोंवर उवा भरपूर असतील, तर लसीबद्दल काही निष्कर्ष काढता येणार नाही. ती चाचणी उवा उतरवून पुढच्या हंगामात पुन्हा करावी लागेल. मूत्रपिंडातून लसीत नसलेला दुसराच जिवाणू निघाला, तर बाटलीवरील नाव आणि प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवून पुढची लस निवडावी. या सर्व मोजण्यांसोबत पाण्याचे रोजचे सकाळचे तापमान, लसीचा बॅच क्रमांक आणि लसीकरणाच्या आदल्या आठवड्यातील उवांची सरासरी एकाच वहीत, एकाच पानावर लिहून ठेवावी.